कंटेनरमधील घर आणि वर्ध्याचा उन्हाळा

नागपूरहून वर्ध्याकडे येणाऱ्या लोहमार्गावर सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव लागते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या गावाच्या शिवारात जवाहरलाल नेहरू बंदराचे ‘ड्राय पोर्ट’, म्हणजे कोरडे बंदर उभारावयाचे ठरले. २०१७ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली. पुढे २०२१ मध्ये बंदर प्रशासन आणि राष्ट्रीय महामार्गांच्या मालवाहतूक व्यवस्थेचे काम पाहणारी कंपनी यांच्यात करार होऊन सुमारे ३४६ एकर जागेवर मालवाहतुकीचे मोठे केंद्र विकसित करण्याची योजना आखली गेली. विदर्भातील कापूस, सोयाबीन, संत्री आणि कारखान्यांचा माल येथेच लोखंडी पेट्यांत भरावा, सीमाशुल्काचे सोपस्कार येथेच उरकावेत आणि मोहोरबंद पेटी थेट जहाजावर चढावी, अशी ही कल्पना आहे. या पेटीलाच जगभर ‘कंटेनर’ म्हणतात आणि मराठीनेही तो शब्द आता जसाच्या तसा स्वीकारला आहे.

याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची आहे. जिल्ह्याबाहेरून, देशाबाहेरून येणाऱ्या लोखंडी पेटीचा आणि जागच्या जागी मिळणाऱ्या मातीच्या भिंतीचा एरवी एकमेकींशी संबंध येण्याचे कारण नव्हते. परंतु जुन्या कंटेनरांपासून घरे, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या उभारण्याची कल्पना अलीकडे पुन्हा पुन्हा मांडली जाते. स्वस्त, मजबूत, झटपट आणि पर्यावरणास अनुकूल अशी चार विशेषणे तिला चिकटली आहेत. कोठे दरड कोसळली, कोठे पूर आला, की निराधार झालेल्या कुटुंबांसाठी कंटेनर मागविले जातात. तेव्हा या चार विशेषणांपैकी किती वर्ध्यासारख्या जिल्ह्यात टिकतात, हे तपासून पाहावयास हवे. हा प्रश्न केवळ वास्तुशास्त्रज्ञांच्या आवडीनिवडीचा नाही. पत्र्याच्या पेटीत ज्यांना राहावे लागते त्यांनी ती बहुधा स्वतः निवडलेली नसते.

पेटी कशासाठी जन्मली?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. मालमोटारींचा धंदा करणाऱ्या माल्कम मॅक्लीन यांची ही कल्पना होती. त्याआधी गोण्या, पिंपे आणि खोकी एकेक करून हमाल जहाजात चढवीत. जहाज समुद्रावर जितके दिवस असे जवळजवळ तितकेच दिवस ते धक्क्याला अडकून पडे. माल पेटीत एकदा भरला की पेटी मोटारीवरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून जहाजावर जावी, मधल्या प्रवासात मालाला कोणाचा हात लागू नये, ही मॅक्लीन यांची युक्ती. साठच्या दशकाअखेर पेट्यांची मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली आणि जगाच्या व्यापाराचे रूपच पालटले. भारतात १९८८ साली कंटेनर कॉर्पोरेशनची स्थापना झाली. १९८९ साली न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. सिंदीची योजना ही त्याच साखळीतील एक कडी होय.

या पेटीची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्यापासून होणाऱ्या घराची चर्चा व्यर्थ आहे. नेहमीची वीस फुटी पेटी सुमारे ६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असते. रिकामीच सव्वादोन टनांच्या आसपास भरते. चार कोपऱ्यांवरचे चार खांब हा तिचा खरा सांगाडा. भरलेल्या पेट्या एकीवर एक अशा सात-आठ थरांपर्यंत रचल्या जातात, त्यांचा भार हे खांब सोसतात. भिंती म्हणजे घड्या घातलेला जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. त्या पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू मिसळलेले असल्याने वरचा गंज आतल्या धातूचे संरक्षण करतो. तळाशी जाड प्लायवूड असते आणि किडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यावर विषारी औषधांची प्रक्रिया करण्याचा प्रघात आहे. समुद्राचे खारे पाणी आणि यारीचे धक्के सोसावेत, हा साऱ्या रचनेचा हेतू. आत माणूस राहील हे रचनाकाराने कधीच गृहीत धरले नव्हते. दार एका टोकाला, तेही बाहेरून बंद होणारे, खिडकी नाही, वारा येण्यास वाव नाही.

अशी पेटी दहा-पंधरा वर्षे समुद्रावर फिरली की निवृत्त होते. शिवाय ज्या देशातून माल जास्त जातो आणि कमी येतो, अथवा याच्या उलट घडते, तेथे रिकाम्या पेट्या साचतात, कारण रिकामी पेटी परत नेण्यासही भाडे पडते. या साचलेल्या पेट्या पाहून त्यांचे घर करावे, असे कोणास सुचणे स्वाभाविकच होते. १९८९ साली अमेरिकेत अशा पेटीपासून राहण्यायोग्य इमारत तयार करण्याच्या पद्धतीला पेटंटही मिळाले.

परदेशांतील प्रयोग

२००१ साली लंडनमध्ये टेम्सकाठी ‘कंटेनर सिटी’ उभी राहिली. ॲम्स्टरडॅम येथे २००५-०६ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी सुमारे एक हजार खोल्यांची वसाहत अशाच पेट्यांची झाली. ती पाच वर्षांपुरती असावयाची होती, पण मुदत वाढत गेली. तात्पुरते म्हणून बांधलेले घर तात्पुरते राहत नाही, हा अनुभव श्रीमंत देशासही चुकला नाही.

जपानमध्ये २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ओनागावा या गावी शिगेरू बान या वास्तुशिल्पज्ञाने कंटेनर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रचून तीन मजली निवारे उभे केले. त्या डोंगराळ किनाऱ्यावर सपाट जागा जवळजवळ उरली नव्हती. म्हणून बेसबॉलच्या मैदानावर उंच जाणे भाग होते. तेथे कंटेनरची निवड सकारण होती. तुर्कस्तानात फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर लाखो निर्वासितांसाठी कंटेनरांची नगरेच वसवावी लागली. हिवाळ्याच्या कडाक्यात उघड्यावर पडलेल्या माणसांना ताबडतोब छप्पर देण्यास दुसरा सोयीचा मार्ग नव्हता.

वर्ध्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र कतारचे आहे. २०२२ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेसाठी दोहा येथे ९७४ कंटेनर वापरून एक क्रीडांगण बांधण्यात आले आणि स्पर्धा संपल्यावर ते उलगडून नेता यावे अशी त्याची रचना होती. इतर क्रीडांगणांप्रमाणे तेथे वातानुकूलन नव्हते. त्यामुळे तेथील सामने संध्याकाळी आणि रात्रीच खेळविले गेले, आणि तेही नोव्हेंबर-डिसेंबरात! पैशाची वाण नसलेल्या देशानेही पोलादी इमारतीचा उपयोग दिवसाची वेळ पाहून केला. खेड्यातील कुटुंबाला अशी वेळ निवडता येत नाही. म्हातारी माणसे, बाळंतीण आणि तान्ही मुले भर दुपारी घरातच असतात.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रालाही या पेट्यांचा अनुभव आहे. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी ढिगाऱ्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. दोन्ही ठिकाणी वाचलेल्या कुटुंबांना कंटेनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पत्र्याच्या खोल्यांत ठेवण्यात आले.

येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. आपल्याकडे लोकव्यवहारात ज्याला कंटेनर म्हणतात तो पुष्कळदा जहाजावरून उतरलेला नसतोच. बांधकामाच्या जागी अभियंत्यांची कचेरी, चौकातील पोलीस चौकी किंवा महानगरातील छोटा दवाखाना ज्या पेटीत चालतो, ती बहुधा कारखान्यात नव्याने केलेली, दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर घातलेली केबिन असते. जहाजाच्या पेटीहून ती हलकी आणि किंचित सुसह्य असते, पण तिला जुन्या वस्तूच्या पुनर्वापराचे श्रेय देता येत नाही, कारण तिच्यातील पोलाद नवेच असते. जाहिरात एकीची आणि पुरवठा दुसरीचा, असा हा प्रकार होऊ शकतो. सरकारी निविदेत या दोहोंतील फरक स्पष्ट न केल्यास पर्यावरणाच्या नावाने साधा पत्रा खपविला जाण्याचा धोका आहे.

आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अशी खोली म्हणजे आधारच असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मुसळधार पावसात ताडपत्रीखाली राहण्यापेक्षा ती शतपट बरी. प्रश्न उद्भवतो तो पुढच्या काळाचा. इर्शाळवाडीच्या कुटुंबांसाठी कायमची घरे बांधण्याचे काम सिडकोकडे देण्यात आले, तरी २०२४ चा उन्हाळा त्यांना पत्र्याच्या खोल्यांतच काढावा लागला. तळियेच्या रहिवाशांचाही मुक्काम महिन्यांऐवजी वर्षांत मोजावा लागला. कोकणचा उन्हाळा दमट असला तरी तेथे पारा क्वचितच चाळिशीच्या फार वर जातो. तीच खोली वर्धा जिल्ह्यात उभी केली तर काय होईल?

ऊन, पत्रा आणि माती

वर्धा हा राज्यातील सर्वाधिक तापणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढणे येथे नवलाचे नाही. हा आकडा सावलीतला असतो. उन्हात तापणारा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि दोन मिलिमीटर जाडीची भिंत ती उष्णता काही मिनिटांतच आत सोडते. याउलट दीड फूट जाडीची मातीची भिंत बाहेरून तापू लागली तरी ती उष्णता आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत कित्येक तास लोटतात. तोवर सूर्य कललेला असतो आणि रात्रीच्या गार हवेत भिंत पुन्हा निवू लागते. वर कवेलूचे छप्पर असेल तर त्याच्या असंख्य फटींतून तापलेली हवा निघून जाते. पुढे छपरी असेल तर भिंतीवर थेट ऊन पडत नाही. विदर्भातील जुने घर ही उन्हाशी केलेली शतकानुशतकांची तडजोड आहे.

कंटेनरला राहण्याजोगा करावयाचा तर आतून उष्णतारोधक थर लावावा लागतो. पेटीची आतली रुंदी मुळात २.३५ मीटर. दोन्ही बाजूंनी थर आणि त्यावर तक्तपोशी केली की ती सव्वादोन मीटरही उरत नाही. एवढ्या रुंदीत आडवी खाट टाकली तर जाण्यायेण्यास वाट राहत नाही. थर लावूनही दुपारी कुलर किंवा वातानुकूलन यंत्र लागणारच. कुलरला वाहती हवा हवी आणि पाणी हवे. बंद पेटीत त्याने दमटपणा मात्र वाढतो. यंत्राला वीज हवी, आणि खेड्यांतील वीजपुरवठा नेमक्या उन्हाळ्याच्या दुपारी डळमळतो. विजेचे आणखी एक भय आहे. मातीच्या किंवा विटांच्या घरात एखादी तार उघडी पडली तर एका जागी धोका असतो. पोलादी खोलीत सारी भिंतच तार होते. जमिनीशी नीट जोड देणारी आणि गळती होताच प्रवाह तोडणारी व्यवस्था नसेल तर अशा घराला हात लावणेही जिवावर बेतू शकते.

भिंतीला खिडकी पाडणे हेही वाटते तितके सोपे नाही. घड्यांचा पत्रा पेटीला ताठरपणा देतो. तो कापला की सांगाडा दुबळा होतो आणि भोवती पोलादी चौकट वितळजोड करून बसवावी लागते. दोन पेट्या जोडून मोठी खोली करावयाची तर मधल्या दोन्ही भिंती जातात आणि तुळया घालाव्या लागतात. ही कामे वेल्डरची आहेत. घर बिघडले की गवंडी, सुतार किंवा घरची बाई हात लावील अशी ती राहत नाहीत. मातीची भिंत सारवता येते, कवेलू फेरता येतात; पोचा आलेल्या पत्र्यावर पाणी साचून भोक पडले तर तालुक्याच्या गावी धाव घ्यावी लागते.

हिशेब काय सांगतो?

स्वस्ताईचा दावाही तपासून घ्यावयास हवा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविलेले आहे आणि रास्त देखभाल केल्यास ते घर किमान तीस वर्षे टिकावे, अशी अपेक्षा आहे. वीस फुटी पेटीचे आतले क्षेत्रफळ १४ चौरस मीटरांहूनही किंचित कमी भरते. म्हणजे एका घरास दोन पेट्या लागणार. ज्या पेटीने आधीच दहा-पंधरा वर्षे खारे वारे खाल्ले आहेत तिने पुढची तीस वर्षे काढावीत, असे मानावे लागणार. पेटीच्या किमतीवर बंदरापासूनचे भाडे, यारी, कापाकापी, उष्णतारोधक थर, वीजजोडणी आणि रंग यांचा खर्च चढतो. परदेशी मालकीच्या पेट्या देशात येतात त्या परत जाण्याच्या हमीवर, साधारणतः सहा महिन्यांच्या मुदतीने, शुल्कमाफीत येतात. त्या येथेच ठेवावयाच्या तर शुल्काचा प्रश्न येतो. नुसत्या पेटीचा भाव सांगून घर स्वस्त असल्याचे सिद्ध करणे म्हणजे बैलांची किंमत सांगून शेती स्वस्त ठरविण्यासारखे आहे.

पुनर्वापराचा मुद्दा अधिक विचारणीय आहे. पोलाद घडविण्यास प्रचंड ऊर्जा लागते. तेव्हा जुनी पेटी वाया जाऊ नये हे योग्यच. परंतु घर करण्याखेरीज तिचा दुसरा उपयोग नाही, असे थोडेच आहे? जालन्याच्या भट्ट्या मोडीच्या लोखंडापासून सळ्या करतात, हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. लहान घरास चौरस फुटाला साडेतीन-चार किलो सळई लागते, असा बांधकामातील ढोबळ हिशेब आहे. त्या मानाने २५ चौरस मीटरांच्या, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांच्या घरास एक टनाच्या आसपास पोलाद पुरते. दोन पेट्यांचे वजन साडेचार टन. वितळविताना होणारी घट आणि लागणारी ऊर्जा जमेस धरूनही, जे पोलाद एका कुटुंबाला अपुरी जागा देते ते तीन-चार कुटुंबांच्या पक्क्या घरांना पुरू शकते. आठ थरांचा भार सोसणारा सांगाडा एकमजली घरासाठी वापरणे ही काटकसर म्हणता येणार नाही.

कंटेनरच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावयास हवी. वर्धा जिल्ह्यातील काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे विटांचे घर बांधले तर भिंती तडकतात. पेटी चार कोपऱ्यांवरच्या चार दगडी किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभी राहू शकते आणि जमीन थोडी हलली तरी तडकत नाही. शिवाय ती उचलून दुसरीकडे नेता येते. म्हणून जेथे वस्तू ठेवावयाच्या आहेत, माणूस थोडाच वेळ थांबणार आहे, किंवा जागा बदलावी लागणार आहे, तेथे ती खरोखर उपयोगी आहे.

वर्ध्याने घेतलेला शोध

आपल्या खेड्यांत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे, ही साधी वाटणी. घराची माती पांढरीतलीच, बांबू जवळपासचा, कवेलू गावच्या कुंभाराच्या भट्टीतले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले तेव्हा त्यांनी हीच रीत स्वीकारली. आज बापू कुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबहन यांनी स्वतःसाठी बांधलेली होती. पुढे तिच्यात वाढ करून गांधीजी तेथे राहू लागले. १९४० मध्ये शेगावचे सेवाग्राम झाले. घरासाठीचे साहित्य पाच मैलांच्या परिघातच मिळावे, हा गांधीजींचा विचार मुंबईत त्यांच्या भेटीत ऐकलेल्या लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने पुढे केरळात आयुष्यभर आचरला. १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आलेल्या इव्हान इलिच या विचारवंताने या कुटीवरच आपले भाषण केले आणि विकत घेतलेल्या सुखसोयी माणसाचे स्वतःचे सामर्थ्य कसे कमी करतात, याकडे लक्ष वेधले.

हे सारे भावनेचे बोल म्हणून बाजूस सारता येईल. पण वर्धा भावनेवर थांबलेले नाही. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ पासून उभे केले. त्याच परंपरेत देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. लाकूड महाग झाले, पोलाद परवडत नाही, तर छप्पर कशावर टाकावे, असा प्रश्न या केंद्राने घेतला आणि कुंभाराच्या चाकावर निघणाऱ्या निमुळत्या, पेल्यासारख्या कवेलूंचे उत्तर शोधले. हे कवेलू एकात एक अडकवीत कमान करावयाची आणि अशा कमानींची रांग लावून छत पुरे करावयाचे. त्यात तुळई नाही, वासा नाही, सळई नाही. पैसा बंदराकडे किंवा कारखान्याकडे न जाता गावच्या कुंभाराकडे आणि गवंड्याकडे जातो. जुन्या घराची ही पूजा नव्हती. जुन्या कारागिरीला विचारलेला तो नवा प्रश्न होता.

मातीच्या घराची दुसरी बाजू

तथापि मातीच्या घराचे गोडवे गाऊन हा विषय मिटत नाही. खेड्यातील माणसाला मातीचे घर नको आहे, हे सत्य डोळ्याआड करता येत नाही. त्याची कारणेही खरी आहेत. दरवर्षी लिंपावे, सारवावे, कवेलू फेरावे हे काम कष्टाचे आहे आणि बहुतांशी बायकांच्या वाट्याचे आहे. वाळवी, उंदीर, साप यांचा त्रास असतो. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यात पूर आला तेव्हा ज्यांच्या भिंती मातीच्या होत्या त्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचे जड छप्पर अंगावर येऊन. त्या भिंतींत आरपार जाणारे सांधेदगड नव्हते, ओबडधोबड दगडांची दुहेरी भिंत मधोमध फुटली, हे तंत्रज्ञांनी दाखवून दिले. परंतु लोकांच्या मनावर ठसले ते एवढेच, की माती मारते. शासकीय नोंदीत मातीचे घर ‘कच्चे’ आणि सिमेंटचे ‘पक्के’ ठरल्यावर तर मातीच्या घरात राहणे म्हणजे मागे राहणे, हा समज पक्का झाला. कुंभाराची पुढची पिढी भट्टी सोडून गेली, बुरुडाचा धंदा आटला, मातीचे काम जाणणारा गवंडी दुर्मिळ झाला.

म्हणून उत्तर जुन्या घराकडे परत जाण्यात नाही. मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेली वीट, दगडी जोते, पायथ्याशी आणि छपराखाली भिंत बांधून ठेवणारा पट्टा, रुंद पडवी आणि उष्णता अडविणारे छप्पर, अशी सुधारलेली रचना पूर, भूकंप आणि ऊन या तिन्हींना तोंड देऊ शकते. केंद्र शासनाच्या ग्रामविकास मंत्रालयाने तज्ज्ञांच्या साह्याने प्रदेशानुरूप घरांचे नमुने ‘पहल’ या नावाने प्रसिद्ध केले आहेत. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेल्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडण्यास आणि नेण्यास पूर्वीसारखी आडकाठी उरली नाही. साधने आहेत, ज्ञान आहे, संस्थाही वर्ध्यातच आहेत. घरकुलाचा हप्ता मिळविण्यासाठी ठराविक साच्याचे घर घाईघाईने उभे करावयाच्या रीतीत या साऱ्याला शिरकाव मात्र मिळत नाही.

तारतम्य कोठे ठेवावे?

सिंदीला कंटेनर येतील तेव्हा त्यांतील काही मोडीतही निघतील. त्यांचा वापर कोठे करावा आणि कोठे करू नये, हे आधीच ठरविले तर पुढचा अनर्थ टळेल. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीला बी-बियाणे आणि अवजारे ठेवण्यास, बांधकामाच्या जागी साहित्य राखण्यास, फिरत्या कामाच्या कचेरीस पेटी उत्तम. उंदीर शिरत नाही, कुलूप फुटत नाही. अशा पेटीवरही दोन-तीन फूट अंतर सोडून कवेलूचे किंवा गवताचे दुसरे छप्पर टाकावे आणि पश्चिमेकडून बांबूचा तट्टा उभारावा, म्हणजे आतला माल होरपळणार नाही. मात्र पेटीत माणूस ठेवण्यासाठी तिच्यावर छप्पर, भोवती भिंत आणि पुढे छपरी घालावी लागत असेल, तर घर झाले ते त्या छपराने आणि भिंतीने. पेटी आत कपाटापुरती उरली.

अंगणवाडी, शाळा आणि कुटुंबाचा निवास यांसाठी पत्र्याची खोली देण्यापूर्वी एक साधी अट घालता येईल. नमुन्याची खोली मे महिन्यात जिल्ह्यातच उभी करावी, दुपारी तीन वाजता वीज बंद ठेवून आतील तापमान मोजावे आणि तो आकडा जाहीर करावा. ज्या खोलीत अधिकाऱ्यास तासभर बसवणार नाही, ती आदिवासी किंवा भूमिहीन कुटुंबास वर्षभरासाठी देऊ नये, एवढे तारतम्य या एका आकड्याने सहज साधेल.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपत्तीनंतर कंटेनर देताना कायमचे घर केव्हा मिळणार, याची तारीख त्याच आदेशात लिहिलेली असावी आणि ती वसाहतीच्या फलकावर लावलेली असावी. तारीख टळली तर प्रत्येक महिन्यासाठी घरभाडे देण्याचे बंधन शासनावर असावे. तात्पुरत्या निवाऱ्याची किंमत जोवर केवळ राहणारा मोजतो, तोवर कायमच्या घराची घाई दुसऱ्या कोणास होत नाही.

तिसरे काम जिल्हा परिषदेचे आहे. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतील माती, बांबू आणि कवेलू यांचे काम जाणणाऱ्या कारागिरांची नोंद करावी, मगनवाडीच्या आणि दत्तपूरच्या परिसरातील संस्थांकडून तरुण गवंड्यांना सुधारलेल्या तंत्राचे शिक्षण द्यावे आणि घरकुलाच्या हप्त्यासाठी या नमुन्यांना ‘पक्के’ म्हणून मान्यता द्यावी. हे काम संथ आहे. कंटेनर यारीने उतरविण्याइतके ते नजरेत भरत नाही. पण येत्या काही वर्षांत जिल्ह्यातील ज्या हजारो कुटुंबांच्या डोक्यावर नवे छप्पर येणार आहे, त्यांचा प्रत्येक उन्हाळा कसा जाईल हे याच कामावर अवलंबून राहणार आहे.